गुड्डीच्या वाट्याचा पास्ता

नागपूरकडच्या शहापुरात हायवेला लागून असलेल्या एका खोलीत दोन बहिणी राहत. थोरली रिता स्वयंपाक करायची आणि धाकटी गुड्डी धावायची. कामाची वाटणी एवढी सरळ होती. रिता दिवसा भय्याजींच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायची आणि उरल्या वेळात एम.ए.ची पुस्तकं नुसती उघडून मिटायची. एकोणीस वर्षांची गुड्डी पोलीस भरतीसाठी पहाटेच मैदान गाठायची. कोंढा या त्यांच्या गावी, घरात आजवर कुणी वर्दी चढवली नव्हती. मैदानी चाचणी पाच महिन्यांवर आली होती आणि गुड्डीनं आठशे मीटर वेळेत मारले की रिताच धावून आल्यासारखी खूश व्हायची.

धावणारीला खायला नीट हवं. अंडी आणि दूध महिन्याचे पहिले आठ दिवस असायचे, पुढे ठणठणगोपाळ. घरचे तांदूळ होते, पण मैदानावरच्या पोरींनी गुड्डीच्या डोक्यात भरवून दिलं की भातानं पोट सुटतं. झालं! धानाच्या मुलखातल्या पोरीनं भात सोडला. मग रितानं मोबाईलवर एक बाई शोधून काढली. ही बाई हॉस्टेलच्या पोरांना स्वस्तातला पास्ता शिकवायची, तोही असा हसतहसत, की गरिबी म्हणजे जणू सहलच. दुकानातला सुटा पास्ता घ्या, लसूण-मिरची घ्या, एकाच भांड्यात सगळं उरका. आणि पास्ता उकडलेलं पाणी मुळीच फेकू नका, दाटपणा त्यातच असतो.

ताकदीचं काय, हा प्रश्न रितानं स्वतःच सोडवला. गावाहून आलेलं लाखोळीच्या डाळीचं पोतं पलंगाखाली होतंच. धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, फेकलेली ही डाळ जवळजवळ फुकटात पिकते. कोंढ्यात ती आठवड्यातून एखाद्या वेळी, भाताच्या ढिगाशेजारी वाटीभर असायची. तीही आई, चंद्रकलाबाई, आधी कढत पाण्यात भिजवायची, ते पाणी मोरीत ओतायची आणि मगच डाळ शिजवायची. पाणी का फेकायचं हे आईला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंही पोरींना सांगितलं नाही. रिताला वाटलं, सगळं सत्त्व तर पाण्यातच जातं. म्हणून ती त्याच पाण्यात, त्याच गंजात पास्ता उकडायची आणि डाळ वाटून वरून घालायची. पिवळा, दाट, लसणाच्या वासाचा तो पास्ता गुड्डी सकाळ-संध्याकाळ ताटभर खायची. स्वतःच्या अकलेचं रिताला भारी कौतुक वाटायचं. चार महिने वाटत राहिलं.

चौथ्या महिन्यात गुड्डीच्या पोटऱ्या ताठरू लागल्या.

"ताई, पाय लाकडावानी होऊन राहिले."

"धावून धावून होते तसं. खाऊन घे चांगलं," रिता म्हणाली आणि तिनं डाळ आणखी एक मूठ वाढवली.

वेळ मात्र सुधारेना. चालताना गुड्डीच्या पायाची बोटं जमिनीला घासू लागली, गुडघे एकमेकांवर आपटू लागले. एका सकाळी ती सपाट मैदानावर पडली आणि बरोबरच्या दोन पोरींनी धरल्याशिवाय उठू शकली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी गुड्डीला आत ठेवून रिताला बाहेर बोलावलं आणि जेवणाचं विचारलं. रितानं अभिमानानं सांगितलं. ते मध्येच थांबवून म्हणाले, "लाखोळी? रोज? आणि पाणीसुद्धा?" मग त्यांनी समजावलं की या डाळीत एक विष असतं. थोडी खाल्ली तर अंगाला लागत नाही, बरंचसं विष भिजवलेल्या पाण्याबरोबर निघून जातं. पण महिनोन् महिने तिच्यावरच पोट भरलं, तर कण्यातल्या नसा जातात. "याहून वाढणार नाही, एवढंच बघू. गेलेलं परत येत नाही." रिता हो-हो म्हणत राहिली. तिला तिथंच मरून जावंसं वाटलं. बसमध्ये तिनं गुड्डीला सांगितलं, कमजोरी आहे, आराम कर.

कोंढ्याला आल्यावर आईनं दोघींना पाहिलं आणि ओट्यावरच बसकण मारली. मग तिचा सगळा राग रितावर निघाला. "भरोशानं धाडली होती तुह्यासंगं. उपाशी ठेवलं का वं पोरीले?"

"काही बोलू नोको तिले," खाटेवरून गुड्डी कडाडली. "ताईनं मले एक दिवस उपाशी नाही ठेवलं. दोन्ही टाईम पोटभर देल्लं. मी पुढच्या भरतीत निघतोच, पाहजो तू."

इतका वेळ कोरडी राहिलेली रिता त्या शब्दांनी फुटली. तिनं सगळं सांगितलं. डाळ, पाणी, डॉक्टर, आणि पाय परत येणार नाहीत हेही. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबताच येईना. आईनं तोंडाला पदर लावला. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मी सांगतलं असतं तर..."

गुड्डी बहिणीच्या पायांकडे पाहत होती.

"अना तुले काहून नाही झालं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच कळत नव्हतं तिला. "एकाच गंजातलं खात होतो ना आपण?"

"मी दुकानात जेवत होती," रिता म्हणाली. "भय्याजींच्या घरच्या बेबीबाई उरलासुरला भात देत होत्या. सकाळचा वाटा मी तुह्यासाठीच ठेवत होती."

"अना रातच्याले?"

रिताला खोटं बोलता आलं असतं. "रातच्याले भूक नाही म्हणत होती मी," ती म्हणाली. "तुले कमी पडू नये म्हणून."

गुड्डीनं हातांनी आपला एक पाय उचलला, मग दुसरा, आणि भिंतीकडे तोंड करून ती निजली.