निवांत महाराजांचं तेज

त्या गुरुवारी अंबडच्या कारखान्यांच्या भागातल्या सत्संगाच्या शेडबाहेर चपला काढायला जागा उरली नव्हती. आत माणसं खेटून बसली होती. पाळी संपवून थेट आलेले कामगार होते, सिडकोतल्या बायका होत्या, नातवंडांना धरून बसलेले म्हातारे होते. सगळ्यांचे डोळे समोरच्या मोठ्या पडद्यावर होते. पडद्यावर निवांत महाराज खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यावर झेंडूच्या पाकळ्या पाण्यात बुडाव्यात तशा सावकाश उतरत होत्या. पण लोक पाकळ्या पाहत नव्हते. महाराजांच्या अंगावर उजेड वाढत होता, ओसरत होता, पुन्हा वाढत होता, छातीचे ठोके पडावेत तसा. आणि दाराजवळ बसलेले भक्त मात्र जसेच्या तसे दिसत होते. तेज फक्त महाराजांना होतं.

हा व्हिडिओ योगिनीने काढला होता.

योगिनी देवळाली कॅम्पची. लग्नांचे स्लो मोशन व्हिडिओ काढण्यात तिचा हात चांगला बसला होता. महाराजांचं सगळं बघणाऱ्या अमितने तिला बोलावलं, तेव्हा तिने द्वारका चौकाजवळच्या बुद्धभूषणच्या दुकानातून सेकंदाला हजार चित्रं टिपणारा कॅमेरा भाड्याने घेतला. लग्नाला एवढा वेग लागत नाही. नवरीचा पदर उडवायला शंभरही पुरतात. पण अमितला जगात नसेल इतकं सावकाश हवं होतं. बुद्धभूषणने कॅमेरा देताना बजावलं होतं, की एवढ्या वेगाला उजेड भरपूर लागतो, आपले बॅटरीचे दिवे ने, तिथल्या ट्यूबलाइटवर विसंबू नको. तिने दिवे नेलेही. पण महाराजांच्या डोळ्यांना ते सोसवत नाहीत असं सांगून अमितने ते परत गाडीत ठेवायला लावले. शेवटी खुर्चीच्या वर टांगलेल्या जुन्या ट्यूबखालीच शूटिंग झालं.

घरी येऊन पाहते तर चित्र धडधडत होतं. कामात खोट राहिली म्हणून तिला वाईट वाटलं. तिने अमितला फोन करून ट्यूबच्या लुकलुकण्याचं कारण समजावलं आणि फुकट पुन्हा शूट करून देते म्हणाली. अमितने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आहे तेच पाठव, छान आलंय, असं सांगितलं.

आठवड्याभरात निवांत महाराजांचे ज्योतिर्मय निवांत महाराज झाले. त्यांच्या प्रवचनाची भाषाही बदलली. पूर्वी ते मन शांत ठेवा, एवढंच सांगत. आता ते सांगू लागले, की आपल्या प्रत्येक पेशीत एक सूर्य बसलेला आहे, तो विज्ञानाला आता कुठे दिसायला लागला आहे, आणि त्याच्या लहरी अंगावर घेतल्या की रक्तातली साखर स्वतःहून विरघळते. साखर विरघळून नक्की कुठे जाते, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

योगिनी हसून सोडून देणार होती. पण तिची मावशी, चतुराबाई, त्या लहरी अंगावर घेऊ लागली होती.

मावशीला बरीच वर्षं मधुमेह. योगिनी भेटायला गेली तर इन्सुलिनची पेनं फ्रिजमधून गेली होती, आणि मावशीच्या पायाच्या करंगळीवर कापड गुंडाळलेलं होतं. कापड सोडलं तर करंगळी काळी पडत चाललेली. योगिनीने डॉक्टरांकडे चल म्हणून विनवलं. ट्यूबचं सगळं पुन्हा समजावलं. मावशीने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "योगे, व्हिडिओ तूच काढला ना? मग तुझा कॅमेरा खोटं बोलतो का?"

"कॅमेरा खरंच बोलला, मावशी. तो दिव्याचं सांगत होता. आपण ते महाराजांचं समजलो."

मावशीला हे पटलं नाही. योगिनी गेली की ती पुन्हा कापड गुंडाळणार, हे दोघींनाही माहीत होतं.

म्हणून अमितने दुसऱ्या शूटिंगसाठी फोन केला तेव्हा योगिनी लगेच हो म्हणाली. अमितला या वेळी चित्र टिपलं की तिथेच पडद्यावर दाखवायचं होतं, सगळ्यांच्या साक्षीने. तिलाही नेमकं तेच हवं होतं.

शूटिंगच्या गुरुवारी मावशी लंगडत येऊन पुढच्या रांगेत बसली. महाराज यायला वेळ होता. योगिनीने कॅमेरा तपासते असं सांगून आधी नुसती खुर्ची टिपली आणि पडद्यावर लावली. रिकामी खुर्ची धडधडू लागली. लोकांनी हात जोडले. मग तिने खुर्ची बाजूला सारून तिथे पिण्याच्या पाण्याचा जार ठेवला. जारही तसाच धडधडला. हात जोडावेत की नाही, हे मागच्या रांगांना ठरवता येईना.

एवढ्यात महाराज आले. पडद्यावरचा जार पाहूनही त्यांची वाणी काही अडली नाही. ते म्हणाले, "आमचं तेज या जागेत मुरलंय. आता इथे पाणी ठेवलंत तर तेही तीर्थ होणार."

सेवेकऱ्यांनी जार उचलून खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली आणि ते तिच्यात बसले. योगिनीने त्यांना नमस्कार केला आणि मग लोकांकडे वळली.

"ही ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद होते नि उजळते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. हा कॅमेरा एक सेकंद ताणून चाळीस सेकंदांचा करतो, म्हणून ते दिसतं. दाराजवळच्या लोकांवर बाहेरचं ऊन पडतं, ते लुकलुकत नाही. तेज महाराजांचं असेल तर ट्यूब बंद केल्यावरही दिसेल. मी माझा बॅटरीचा दिवा लावते. कुणीतरी ट्यूबचं बटण बंद करा."

अमितने डोळ्यांना त्रास होतो वगैरे सुरू केलं. बटणाजवळ कुणी जाईना.

तेव्हा चतुराबाई उठली. दुखरा पाय उचलून टाकत ती भिंतीपर्यंत गेली. बटणावर हात ठेवून तिने महाराजांकडे पाहिलं. "महाराज, तुमच्यावर भरोसा ठेवून मी सुई सोडली हाय," ती म्हणाली. "एकडाव बघू द्या." आणि तिने बटण दाबलं.

योगिनीने आपला दिवा लावून चित्र टिपलं आणि पडद्यावर लावलं. महाराजांनी अतिशय सावकाश एकदा डोळे मिटले, अतिशय सावकाश उघडले. कपाळावरून घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्याकडे निघाला होता, तोही स्वच्छ दिसला. उजेड जागचा हलला नाही. मावशीने पुन्हा ट्यूब लावली, योगिनीने दिवा विझवून परत टिपलं, आणि महाराज धडधडू लागले. मावशीने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा ट्यूबकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून ती खाली बसली.

महाराज पुष्कळ बोलले. सूर्य लाजला, कॅमेऱ्याची दृष्टी अशुद्ध आहे, वगैरे. पण मागची माणसं उठायला लागली होती. एका कामगाराने अमितला विचारलं, की तुम्हाला हे आधी माहीत होतं का. योगिनी म्हणाली, "मी यांना पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं." त्यानंतर अमित कुणाला सापडला नाही.

योगिनीने मावशीला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साखर यंत्रात मावेना एवढी चढली होती. डॉक्टरांनी पाय वाचवला, करंगळी वाचली नाही. मावशी त्यावर रडली, आणि मग योगिनीला म्हणाली, की बोट गेलं त्याचं नाय एवढं, पण मी शेजारच्या दोघींनाही तिथे नेलं होतं. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते त्या दोघींना बोलावून डॉक्टरांकडे धाडण्याचं.

निवांत महाराज आता दुसऱ्या शहरात असतात असं कळतं. तिथे दरबारात कॅमेरा नेता येत नाही.

मोठ्या पडद्यावर काही अद्भुत दिसलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ते कशाने दिसतं, आणि ती वस्तू बाजूला केली तर काय उरतं? विचारू देणाऱ्याशी बोला. विचारू न देणाऱ्याच्या सांगण्यावरून औषध मात्र एक दिवसही बंद करू नका.