गाडीची हिवाळी अंघोळ

ताउनो कार्ना या माणसाने उभ्या जन्मात कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नव्हतं. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा. इसाल्मी गावच तसं, नव्हे, सगळा सावो प्रांतच तसा. इथे कुणाला विचारा, "बाहेर थंडी आहे का हो?" तो म्हणणार, "आहे म्हणणारे म्हणतील. पण याहून गार दिवसही मी पाहिलेत." आता टोपी घालायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आणि उद्या कान गळून पडले तर बोलणारा नामानिराळा.

नेमकी याच माणसाची गाठ पडली हिल्काशी. उन्हाळ्यात, तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात, टँगोच्या वेळी. दोघंही साठी ओलांडलेली, दोघांचेही जोडीदार केव्हाच देवाघरी गेलेले. हिल्का राहायची कुओपिओला, पण मूळची पश्चिमेच्या सपाट मुलखातली. तिथली माणसं मनात आलं की बोलून मोकळी होतात. तिने नाताळात कॉफी पिता पिता विचारलं, "ताउनो, मी तुझ्याकडे कायमची राहायला यावं असं तुला वाटतं का? हो की नाही?"

ताउनो म्हणाला, "राहायचं म्हटलं, तर माणूस कुठेही राहू शकतो."

हिल्काने कप खाली ठेवला आणि मिळेल त्या आगगाडीने ती घरी गेली.

खरं सांगायचं तर ती त्याला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. तिच्यासाठी त्याने अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं, खिडकीला नवे पडदे लावले होते. पण हे तिला सांगेल तर शपथ! जानेवारीत तिचा फोन आला. "शनिवारच्या गाडीने मी कायानीला बहिणीकडे निघाले आहे. तिथे एक घर बघून ठेवलंय. मध्ये इसाल्मी लागतं, तिथे मी फलाटावर उतरेन. तू आलास आणि सरळ उत्तर दिलंस, तर बॅग खाली ठेवीन. नाहीतर परत चढेन, आणि मग आपला रामराम. आणि तुझी ती मोटारगाडी धू! गेल्या खेपेला माझ्या नव्या कोटाला गुडघ्यापर्यंत मीठ आणि चिखल लागला होता, वर माशांचा वास."

ताउनो म्हणाला, "धुतलेल्या गाड्याही असतात जगात." आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच डोक्यात एक टपली मारून घेतली.

गाडी म्हणजे एक लहानशी, दोन दारांची, मूळची लाल. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने आणि राड्याने ती लाल आहे हे लोक विसरूनही गेले होते. पेट्रोल पंपामागे गाड्या धुवायचा गरम हॉल आहे, गावातले शहाणे लोक हिवाळ्यात तिथेच जातात. पण तिथे खिडकीतली मुलगी तोंडावर विचारते, "साधी धुलाई की मेणाची?" मागे रांग, पुढे प्रश्न, आणि उत्तर लगेच हवं. ताउनो मागच्या वर्षी तिथून न धुताच परत आला होता.

म्हणून त्याने आपल्या डोक्याने मार्ग काढला. शनिवारी दुपारी तो राहायचा त्या इमारतीच्या सौनात, म्हणजे सामाईक वाफेच्या खोलीत, त्याची पाळी असायची. सौनात गरम पाण्याची टाकी, आणि सौनाच्या दाराबाहेर चार पावलांवर त्याची गाडी, थंडीत गोठू नये म्हणून खांबाच्या विजेवर इंजिन गरम करत उभी. बाहेर पारा उणे वीसच्याही खाली. पण वाफ घेऊन लाल झालेल्या माणसाला थंडी काय करणार? अंगात अंघोळीचा जाड गाऊन, डोक्यात लोकरीची टोपी, पायात रबरी बूट, दोन्ही हातांत वाफाळत्या बादल्या. असा हा नवरदेव गाडीला न्हाऊ घालायला निघाला.

तेवढ्यात शेजारचा एन्सिओ कुत्र्याला फिरवायला आला. एन्सिओची हयात गॅरेजात गेलेली.

"धुतोयस वाटतं," एन्सिओ म्हणाला.

"ओली तर करतोय."

"गरम पाण्याने."

"गार आहे असं काही म्हणता यायचं नाही."

एन्सिओला ओरडावंसं वाटत होतं, की अरे गाढवा, ठेव ती बादली! हे पाणी दारांच्या रबरात शिरेल, कुलपात शिरेल, आणि बघता बघता त्याचा बर्फ होईल. काच तडकली नाही तर नशीब तुझं. गाडी गरम हॉलमध्ये ने, धुऊन झाल्यावर रबरं कोरडी पूस, त्यांना ग्लिसरीन लाव, कुलपात हवा मार, आणि मगच बाहेर काढ. पण मोठ्या माणसाला तोंडावर असं सांगणं सावोत कुणी करत नाही. ते फार उद्धटपणाचं दिसतं. म्हणून एन्सिओने खाकरून सुरुवात केली.

"माझा एक मेहुणा होता. तोही हिवाळ्यात गरम पाण्यानेच गाडी धुवायचा."

"मग?"

"मग काय. आता तो बसने फिरतो."

बिचारा, ताउनोच्या मनात आलं. वय झालं असेल, डोळ्यांना दिसत नसेल. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि पहिली बादली टपावर ओतली. एन्सिओने कुत्र्याकडे पाहिलं, कुत्र्याने एन्सिओकडे पाहिलं, आणि आपण सांगायचं ते सांगितलं या समाधानात दोघं निघून गेले.

वाफेचा असा लोट उठला की गाडी दिसेना. पण वाफ विरली आणि काय सांगू, लाल! टोमॅटोसारखी लालभडक! ताउनो हरखला. दुसरी बादली, मग पुन्हा भरून आणलेली तिसरी, दारांवर, कुलपांवर, डिकीवर. मग समोरची काच आतून पुसायची राहिली म्हणून तो आत बसला, आणि गार वारा नको म्हणून दार ओढून घेतलं. काच पुसली. आरसा पुसला. आरशात स्वतःचं तोंड बघून भिवया जरा नीट केल्या. आता वर जायचं, इस्त्रीचा कोट चढवायचा, आणि स्टेशनवर.

दार उघडेना.

त्याने खांदा लावला. मग दुसऱ्या दाराला खांदा लावला. मग पाय लावले. दारं अशी बसली होती की जणू ती कधी उघडायची नव्हतीच. काच खाली करायला त्याने दांडा फिरवला, तर दांडाच हातात आला. डिकीकडे जावं तर ती फक्त बाहेरून उघडणारी. ताउनो गाऊनमध्ये, ओल्या टोपीसकट, हातात दांडा घेऊन बसला. एन्सिओचा मेहुणा बसने का फिरतो ते त्याला आत्ता समजलं.

हॉर्न वाजवता आला असता. पण शनिवारी दुपारी, सगळी इमारत घरात निवांत बसलेली असताना हॉर्न? लोक काय म्हणतील?

एन्सिओ फेरी संपवून परत आला, तेव्हा ताउनोने काचेला तोंड लावलं आणि म्हणाला, "एन्सिओ, तुला सवड असली तर, नसली तरी काही बिघडत नाही, पण दाराच्या बाबतीत जरा असं झालंय, म्हणजे फार काही झालंय असं नाही..."

काचेबाहेर गेली ती नुसती गुणगुण. एन्सिओला वाटलं, माणूस टँगोचं गाणं म्हणतोय. हिल्का येणार हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. गडी गाऊनमध्येच निघाला हे त्याला जरा जास्त वाटलं, पण हल्लीच्या फॅशनीबद्दल बोलणारे आपण कोण? त्याने शेजारधर्म म्हणून गाडीची विजेची वायर काढली, नीट गुंडाळून खांबाला अडकवली, टोपीला हात लावला आणि घरात गेला.

ताउनोने गाडीतलं घड्याळ पाहिलं. आगगाडीची वेळ झाली होती. किल्ली गाऊनच्या खिशातच होती. इंजिन बिचारं गरम होतं, पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आता इस्त्रीच्या कोटाचा विचार करायला वेळ नव्हता. फलाटावर आपण दिसलो नाही, तर हिल्का गेली. कायमची गेली. त्याने पंखा मोठ्यात मोठा केला आणि गाडी रस्त्याला लावली.

इसाल्मीच्या स्टेशनात गाडी फलाटाच्या कठड्यापर्यंत नेता येते. न्यायची नसते, पण नेता येते. ताउनोने नेली. आगगाडी उभीच होती. डब्याच्या दाराशी हिल्का, फिक्या रंगाच्या कोटात, बॅग हातात धरून इकडेतिकडे बघत होती. आणि ताउनो कार्नाने जन्मात पहिल्यांदा भर गर्दीत हॉर्न वाजवला. अख्खा फलाट वळला. हिल्काही वळली. लालभडक गाडी बघून तिचा चेहरा क्षणभर खुलला.

पण गाडीतून कोणी उतरेना.

ती कठड्याजवळ आली. "अरे, उतर ना खाली!"

"उतरायचं म्हटलं तर उतरलोच असतो," ताउनो आतून म्हणाला, "पण एकंदर परिस्थितीच अशी आहे की..."

"काय? काही ऐकू येत नाही!"

ताउनोने खुलासा म्हणून तुटका दांडा वर धरून हलवला.

"मला दांडा दाखवतोस?" हिल्का कडाडली. "मी एवढ्या लांबून आले, तर खाली पाय ठेवायचेही कष्ट नकोत? वर दांडा?" ती वाकली, काचेतून आत नीट पाहिलं, आणि तिचा आवाजच बदलला. "ताउनो. तू गाऊनवर आलायस? मला घ्यायला?"

ताउनोने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

"मुंडी नको हलवूस, तोंडाने बोल! राहू का जाऊ?"

गार्ड शिट्टी हातात घेऊन आला. "बाई, चढताय की राहताय?"

"त्यालाच विचारा!"

गार्डने वाकून काचेत पाहिलं. "काय हो, राहतायत की जातायत? मला गाडी सोडायचीय."

"माझ्या मते," ताउनो म्हणाला, "जर यांची काही हरकत नसेल, आणि माझीही तशी..." काचेवर वाफ जमली, शब्द तिथेच थिजले. पंखा घोंघावत होता, इंजिन धडधडत होतं. गार्डने हात हलवले. हिल्काने एकदा त्या वाफाळलेल्या काचेकडे पाहिलं. ताउनोने बाहीने काच पुसली, तेव्हा तिचे डोळे भरून आलेले त्याला स्पष्ट दिसले. मग ती वळली आणि तिने डब्याच्या पायरीवर पाय ठेवला.

ताउनोच्या लक्षात आलं, की या काचेतून लांबलचक बोलणं जाणार नाही. जर, तर, तसं पाहिलं तर, सगळं आतच राहणार. बाहेर जाईल तो एकच शब्द, आणि तोही छातीत असेल नसेल तेवढा दम लावून. त्या एका शब्दाची त्याला साठ वर्षं भीती वाटत आली होती. एकदा बाहेर पडला की परत घेता येत नाही ना! पण ती पायरीवर उभी होती.

"हो!"

ताउनोची लाल गाडी हादरली इतका मोठा आवाज. हिल्का थबकली.

"हो म्हणजे काय?"

"राहा! माझ्याकडे! हो! हो!"

फलाटावरचं एक कुत्रं भुंकायला लागलं. बाकावर बसलेली सावोचीच एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "त्याला बहुतेक काहीतरी सांगायचंय."

हिल्काने बॅग खाली ठेवली. गार्डने शिट्टी मारली, आगगाडी कायानीकडे निघून गेली, आणि हिल्काने येऊन दाराची कडी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग पलीकडे जाऊन दुसरी ओढली. मग तिने वाकून रबरावरचा बर्फ पाहिला, टपावरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुया पाहिल्या, आत गाऊनमध्ये कुडकुडणारा ताउनो पाहिला, आणि ती कठड्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

पुढे टॅक्सीत हिल्का आणि मागे हा लाल डबा अशी वरात पेट्रोल पंपामागच्या गरम हॉलमध्ये गेली. तिथे बर्फ ठिबकायला लागला, गाडीखाली तळं साचलं, आणि बऱ्याच वेळाने कडकन आवाज होऊन दार उघडलं. ताउनो बाहेर आला. गाऊन, बूट, टोपी. दोघं समोरासमोर उभी राहिली.

"आता सांग," हिल्का म्हणाली. "स्टेशनवर काय म्हणालास?"

ताउनोने जमिनीकडे पाहिलं. आता मध्ये काच नव्हती, पंखा नव्हता, बोलायला सगळी मोकळीक होती. आणि मेल्याची जीभ लगेच जुन्या वळणावर गेली.

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर, मी काही नकार दिला असं कुणाला म्हणता..."

हिल्काने त्याच्या छातीला हात लावला, त्याला हळूच मागे ढकलून सीटवर बसवलं आणि दार लावून टाकलं. मग वाकून कान काचेला लावला.

"हो!" आतून आवाज आला.

"पुन्हा एकदा!" ती म्हणाली.

ऐकू तिला पहिल्याच वेळी आलं होतं. पण इतकी वर्षं एकटीने काढल्यावर तिचं एकदा ऐकून भागत नव्हतं. ताउनोला ते आतून दिसलं असावं, कारण या वेळी तो दम घेऊन, तिच्याकडे बघत ओरडला, आणि तिने सांगायच्या आधीच आणखी एकदा ओरडला.