हातमोज्याचा दोष

"मामा, ज्योत जरा कमी करा ना," रसायनवाले सर दारातूनच म्हणाले. "इथे मलाच घाम फुटतोय."

"घाम फुटू द्या, काच फुटायला नको," काचमामा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. एका हातात फ्लास्कचं तुटकं तोंड, दुसऱ्यात नवी मान, आणि मधोमध निळी ज्योत. दोन्ही हात एका लयीत फिरत होते. काच लाल झाली, मग मऊ झाली, मधासारखी ओघळायच्या बेताला आली. आता फक्त शेवटचा वेढा उरला होता.

आणि तेवढ्यात उजव्या हाताचा अंगठा हलला. कळेल न कळेल इतकाच, पण मान तिरकी झाली. मामांनी तोंडातल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घातली, काच पुन्हा तापवली, मान सरळ केली आणि फ्लास्क ज्योतीबाहेर काढला. सरांना काहीच कळलं नाही. ते खूश होते.

"तुमच्या हाताला तोड नाही हो मामा!"

"हात कसला, सवय आहे." मामा हसले. त्यांनी घाईघाईने खिशातली काचेची सळई काढली आणि उजव्या मुठीत घट्ट धरली.

ही सळई वर्षभर त्यांच्या हातात होती. सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला काचेचा नाद आहे. खरी गोष्ट अशी की हात रिकामा ठेवला की अंगठा आपोआप तर्जनीवर घासू लागायचा, वाळूचा कण चोळत असल्यासारखा. सळई घट्ट धरली किंवा काम सुरू झालं की थांबायचा. म्हणून मामांनी हात रिकामा ठेवणंच सोडून दिलं. कामापुरता हात शहाणा आहे ना, मग झालं, असं ते स्वतःला बजावत. आज पहिल्यांदाच तो ज्योतीसमोर हलला होता.

थरथरता हात ज्योतीजवळ नको, हा या तळघरातल्या काचकारखान्यातला नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मामांनीच पाळून दाखवला होता. त्यांच्या गुरूंचा हात म्हातारपणी कापायला लागला, तेव्हा गुरूंचं स्टूल ज्योतीपासून उचलून मामांनीच खिडकीशी नेऊन ठेवलं होतं. गुरू खिडकीबाहेर बघत बसून राहिले. तरण्याताठ्या मामांना तेव्हा आपण शहाणपणाचं काम केलं असंच वाटलं होतं.

संशोधनाची ही इमारत म्हणजे अठरापगड कारभार. खालच्या मजल्यावर रसायनं आणि भौतिकी. मधल्या मजल्यावर आरोग्यवाले. तिथे धडधाकट माणसांना तोंडाला नळ्या लावून पळवत आणि आजारी माणसांना तासन्तास झोपवून ठेवत. सगळ्यात वर संगणकावरची कला. तिथे दिवसाढवळ्या अंधार करून मंडळी भिंतींवर प्रकाश हलवत बसायची. एका मजल्याची भाषा दुसऱ्याला कळत नसे. काच मात्र तिन्ही मजले सारख्याच इमानाने फोडत, आणि फुटली की सगळे अर्धवट जमिनीखालच्या तळघरात मामांकडे येत.

यंदा तिन्ही मजल्यांनी मिळून एकच काम हाती घेतलं होतं. तो होता एक हातमोजा. त्यात केसासारखे बारीक धागे होते, ते खालच्या मजल्याने बनवलेले. हात हलला की धाग्यांना कळायचं आणि वरच्या मजल्यावरच्या पडद्यावर तो हात उजेडाच्या रेघांनी उमटायचा. त्या रेघा वाचून कंपवाताची पहिली चाहूल ओळखायची, हे मधल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं काम. मोजा घडवला होता वरच्या मजल्यावरच्या एका तरुण मुलीने. मामा तिला 'पडदेवाली' म्हणत आणि ती त्यावर रागावत नसे.

मोज्याची परीक्षा घ्यायची तर एक पक्का हात हवा. सगळ्यांचं एकमत झालं, काचमामांचा हात! ही थट्टा देवाने केली की कुणी, कोण जाणे. मामांना नाही म्हणता येईना. काम करणारा हात मोज्यातून झकास दिसला. पण पडदेवालीने "आता हात नुसता टेबलावर ठेवा" म्हटलं की पडद्यावर रेघा थरथरू लागत. तिला वाटलं, मोज्यातच खोट आहे. तिने धागे बदलले, तारा बदलल्या, सगळा मोजा उसवून पुन्हा शिवला. मामा समोर बसून सगळं बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

आज बाहेरून परीक्षक आले होते. काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते आज ठरणार होतं.

सकाळी निघताना बायकोने नेहमीसारखा अर्धा कप चहा पुढे ठेवला होता.

"एवढासा? दुधाचा दुष्काळ पडलाय का?" मामा म्हणाले होते.

"अहो, मग पुन्हा घ्या. कोण नको म्हणतंय?" ती म्हणाली होती आणि ओट्याकडे वळली होती.

फ्लास्क गार व्हायला ठेवून मामा वरच्या मजल्यावर गेले. दालनात अंधार होता. फक्त एका टेबलावर पांढरा उजेड पडला होता आणि समोर भिंतभर पडदा होता. परीक्षक ओळीने बसले होते. त्यांतल्या वयस्कर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून मामांकडे पाहिलं. मामांनी मूठ आवळली.

पडदेवालीने त्यांना बाजूला घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"मामा, मी सगळं खरं सांगून टाकणार आहे. मोजा चालत्या हाताला बरोबर आहे, थांबलेल्या हाताला खोटं बोलतो."

"अगं, पण बाकीच्यांच्या हातावर बरोबर चालतो ना?" शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या.

"बाकीच्यांचं काय घेऊन बसलात, मॅडम? मामांचा हात ही कसोटी. कसोटीलाच नापास झाला, मग बाकीच्यांचं खरं कसं मानायचं?" ती मामांकडे वळली. "तुम्ही आधी सळई धरूनच बसा. निदान एकदा तरी पडदा शांत दिसू दे. मग मी दोष सांगते."

"आणि दोष सांगितलास की?" मामांनी विचारलं.

"मग काय! मोजा जाईल अडगळीत. माझी नेमणूकही याच कामापुरती आहे." ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमचा काय दोष?"

हे शेवटचं वाक्य मामांना चटका बसावा तसं लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण या मुठीचं मोल ही पोर चुकवत होती.

ते टेबलापाशी बसले. मोजा चढवला, सळई धरली. पडद्यावर भलामोठा हात उमटला, निळसर उजेडाच्या रेघांचा. मामांनी सळई बोटांवर फिरवली, आणि रेघा अशा वाहू लागल्या की परीक्षकांतल्या कुणाच्या तरी तोंडून "वा!" निघालं. टाळ्याही पडल्या. मामांना एकदा वाटलं, इथेच उठावं आणि जिना उतरून चालू लागावं. आणखी वर्षभर निभलं असतं. कदाचित जास्तही. ज्योत राहिली असती, स्टूल राहिलं असतं, दारात उभं राहून घाम पुसणारे सर राहिले असते. ज्योतीशिवाय या इमारतीत आपण कोण, हे मामांना खरोखरच माहीत नव्हतं.

पडदेवाली पुढे झाली. "यात एक दोष आहे," ती म्हणाली. "तो मी लपवणार नाही. हात थांबला की..."

मामांनी सळई टेबलावर ठेवली. टक् असा आवाज झाला. त्यांनी हात मोकळा सोडला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. पडद्यावर बोटांच्या रेघा थरथरायला लागल्या, एका संथ ठेक्यात.

"हाच तो दोष," पडदेवाली खाली बघत म्हणाली.

"पोरी, वर बघ," मामा म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने मोजा ओढून काढला आणि उजेडात ठेवला. शेजारी आपला उघडा हात ठेवला. पडद्यावरच्या रेघा जागच्या जागी थांबल्या. रिकामा मोजा मुकाट पडून होता. आणि त्याच्या शेजारी, डागांनी भरलेला तो म्हातारा हात अंगठा तर्जनीवर घासत होता, घासतच होता.

"मोजा खरं बोलतोय," मामा म्हणाले. "वर्षभर खोटं मी बोलतोय."

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. एकदा मोज्याकडे, एकदा हाताकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि मग त्या मामांकडे बघेनाशा झाल्या. डॉक्टरीणबाई जवळ आल्या. त्यांनी मामांचा हात आपल्या हातात घेतला.

"मामा, कशासाठी लपवलंत? आम्ही हा मोजा कशासाठी करतोय? वेळेवर कळावं म्हणूनच ना?"

"माझी ज्योत जाईल म्हणून," मामा म्हणाले.

पडदेवाली मात्र जवळ आली नाही. "मी मोजा सगळा उसवला, मामा," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसला होतात. मला म्हणत होतात, दमलीस, जरा चहा घे!" आणि ती तोंड फिरवून बाहेर गेली.

परीक्षकांनी काम चालू ठेवायचं ठरवलं. ते मामांना जिन्यातच कुणीतरी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. खाली येऊन त्यांनी फ्लास्क बोटाने चाचपला. तो गार झाला होता, मान सरळ होती. त्यांनी गॅसची चावी बंद केली. मग स्टूल उचललं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं. त्यावर बसले मात्र नाहीत.

दारात पडदेवाली उभी होती. केव्हा आली ते त्यांना कळलं नव्हतं. तिचा राग गेलेला नव्हता, आणि तो जावा अशी मामांचीही अपेक्षा नव्हती.

"उद्या सकाळी वर या," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून मोजायचंय. हातात काही न धरता."

"येतो."

ती वळली, थांबली. "काचेत फुंकर कशी घालायची, ते शिकवता येतं का हो? हात दुसऱ्याचे असले तर?"

"शिकवून बघितलं पाहिजे," मामा म्हणाले.

घरी बायकोने दार उघडलं. त्यांचं तोंड बघितलं आणि चहा टाकला. कप पुढे ठेवला, अर्धाच. मामा त्या कपाकडे बघत राहिले. वर्षभराचे सगळे अर्धे कप एकदम डोळ्यांपुढे आले. एकही कधी सांडला नव्हता.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

ती ओट्यापाशीच उभी होती. "मी रोज समोर बसते तुमच्या," ती म्हणाली.

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलला नाहीत."

मामांनी उजवा हात टेबलावर ठेवला, रिकामा. अंगठ्याला हवं ते करू दिलं.

"आज भरून दे," ते म्हणाले.

तिने भांडं आणलं आणि कप काठोकाठ भरला. मामांनी तो उजव्या हातानेच उचलला, मूठ न आवळता. चहा बशीत सांडला, टेबलावर सांडला, थोडा सदऱ्यावर. तिने फडकं आणलं नाही. त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.