खांबावरचा माणूस

ओढलेली वायर पुन्हा कोपराभोवती गुंडाळत इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणाला, “नाही होणार, काका. गल्लीतल्या डब्यात आठच घरांची जागा असते. आठही भरली.”

“मग दुसरा डबा बसवा की,” सुकदेव आबा म्हणाले.

“महिना तरी लागेल. वरून मंजुरी यावी लागते.”

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ती आठ घरं त्यानेच मुद्दाम भरवली होती. पंधरा दिवसांत ही तिसरी कंपनी. पहिलीची लाइन मेहरूण तलावाच्या पलीकडेच संपत होती. दुसरीचा माणूस ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो गेलाच.

आतून नूतनचा आवाज येत होता. “हॅलो? माझा आवाज येतोय का? हॅलो?” मग खुर्ची सरकली आणि ती मोबाइल हातात घेऊनच ओसरीवर आली.

“झालं?”

“महिना म्हणतोय.”

“आबा, सोमवारपर्यंत घरी पक्की लाइन दाखवली नाही, तर मला पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसावं लागेल. आणि पुण्याला मी परत जाणार नाही. नोकरी गेली तरी चालेल, पण तिथे नाही.” तिने कपाळावरचा घाम पुसला. “निम्मी गल्ली त्या केबलवाल्या हितेंद्रचं नेट घेते. तुम्हालाच त्याचं काय वावडं? नकार त्यांनी मला दिला होता. मला चालतंय, मग तुमचं काय जातंय?”

आबा बोलणार तरी काय, कप्पाळ! हितेंद्रकडून नकार आलाच नव्हता. तो आबांनी दिला होता.

सात वर्षांपूर्वी शिंदखेड्याहून हितेंद्रची मंडळी नूतनला बघायला आली होती, याच ओसरीवर पोहे खाऊन गेली होती. मुलगा शांत होता, डोळ्यांनी हसणारा. नूतनला तो आवडला होता. तोंडाने ती काही बोलली नाही, पण संध्याकाळभर भांडी घासताना गुणगुणत होती. आबांना मात्र खांबावर चढून केबल ओढणारा जावई म्हणजे चारचौघांत नाक कापल्यासारखं वाटलं. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या खुर्चीत बसलेला माणूस! मध्यस्थ प्रेमराजला ते म्हणाले, “काहीतरी सांगून टाक त्यांना.” आणि पोरीने हट्ट धरू नये म्हणून तिला सांगितलं, त्यांच्याकडूनच नाही म्हणतात.

ही थाप आबांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, ठाऊक होती. त्या आता नव्हत्या. म्हणजे आता एकटे आबाच.

त्यानंतर नूतनने पुढचं स्थळ धड पाहिलंही नाही. पुण्याचा मुलगा, बँकेत नोकरी. “तुम्ही ठरवाल तो,” म्हणाली आणि बोहल्यावर उभी राहिली. चार वर्षांनी एका बॅगेनिशी परत आली. तिथे काय झालं, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची आबांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूतननेच हितेंद्रला फोन लावला. दुपारी बाराच्या रणरणत्या उन्हात तो स्वतःच आला, खांद्यावर शिडी घेऊन. थोडा सुटला होता, कानांजवळ केस पिकले होते.

“राम राम आबा. तब्येत बरी शे ना?”

“बरी आहे,” आबा म्हणाले.

“माणसं मुक्ताईनगरला कामावर आहेत दोन्ही. म्हटलं आपणच जाऊ.”

तो खांबावर चढला तेव्हा आबा खाली उभे राहिले. शिडी धरायचं निमित्त होतं. खरं तर त्याला नूतनशी एकटं बोलू द्यायचं नव्हतं. तासभर ते त्याच्या मागे मागे होते. भिंतीला भोक पडलं, वायर आत आली, केसाएवढी काचेची तार तारेला जोडली गेली. टेबलावरच्या डब्यात हिरवा दिवा लागला, आणि नूतन कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. ती चहा करून घेऊन आली. आता हा चहा पिऊन गेला की सुटलो, असं आबांच्या मनात आलं.

“एक विचारू?” नूतन हितेंद्रला म्हणाली. “राग मानू नका. आता काही त्याचं नाही, पण डोक्यातून जात नाही. काय कमी पडलं होतं तेव्हा माझ्यात?”

हितेंद्रचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

“म्हणजे?”

“तुमच्याकडून नकार आला. कारण कुणी सांगितलंच नाही.”

हितेंद्रने आबांकडे पाहिलं. आबा फरशीकडे बघत होते. पंखा तेवढा कुरकुरत होता.

“तुमच्यात काही कमी नव्हतं,” हितेंद्र सावकाश म्हणाला. “आमच्याच घरचे अडून बसले. नोकरी करणारी सून नको म्हणाले. मी बोलायला पाहिजे होतं, नाही बोललो. चुकलंच माझं.”

“बघा!” नूतन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “सात वर्षं मी समजत होते, मीच कुणाला आवडण्यासारखी नाही. म्हणून तर पुढचा हो म्हणाला त्याला डोळे मिटून हो म्हटलं. जाऊ द्या. बरं झालं विचारलं.”

तिच्या मीटिंगची वेळ झाली होती. कप उचलून ती आत गेली.

हितेंद्रने सामान आवरलं. शिडी मोटरसायकलला बांधली. आबा फाटकापर्यंत गेले. आभार मानावेत की पाय धरावेत, त्यांना कळेना.

“तू माझी लाज राखलीस रे,” ते कसेबसे म्हणाले.

हितेंद्र गाठ आवळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“प्रेमराजमामा आमच्याकडे म्हणाले होते, पोरीनेच नको म्हटलं. खांबावर चढणाऱ्याशी लग्न करून काय करू, म्हणाली.”

आबांना हे माहीत नव्हतं. प्रेमराजने काय सांगितलं, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

“त्यानंतर वर्षभर खांबावर चढताना मला लाज वाटायची, आबा. कुणी बाई खालून गेली तरी वाटायचं, हसतेय.” त्याने गाठ सोडली, पुन्हा बांधली. “म्हणजे तिला पसंत होतो मी?”

घरी त्याची बायको होती, दोन मुलं होती. आबांना ते ठाऊक होतं. खोटं बोलणं आजही सोपं होतं.

“हो,” आबा म्हणाले. “होतास.”

हितेंद्र गाडीवर बसला, पण दोन्ही पाय जमिनीवरच टेकलेले राहिले. खिडकीतून नूतनचा आवाज येत होता, स्वच्छ, न तुटता. पुण्याच्या कुणाला तरी ती काहीतरी समजावून सांगत होती. तो ऐकत राहिला.

“आवाज नीट जातोय,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तो वळणावरून दिसेनासा झाला तरी आबा फाटक धरून उभे होते. नूतनला सांगायचं पहिलं वाक्य मनात जुळवत, आतली मीटिंग संपायची वाट बघत ते तसेच उन्हात उभे राहिले.