मबारकाची हनुवटी

बाटना शहरात सी अमारच्या फोटो स्टुडिओत कुणी म्हातारं होत नसे. सुरकुती असो की देवीचा व्रण, झुलिखा भिंगाखाली निगेटिव्ह धरायची आणि टोकदार पेन्सिलीने सगळं बुजवून टाकायची. सर्वांत जास्त बुजवल्या त्या हनुवट्या. औरेसच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या हनुवटीवर गोंदण असायचं, आणि शहरात नोकरीला लागलेल्या त्यांच्या लेकांना त्याची लाज वाटायची. अकरा वर्षांत झुलिखाने अर्ध्या जिल्ह्याच्या आया कोऱ्या करून टाकल्या होत्या, आणि आता तिला त्याचा वीट आला होता.

हल्ली ती स्वतःही फोटो काढू लागली होती, मामाने फ्रान्सहून आणलेल्या कॅमेऱ्याने. दिवे बंद करायची, खिडकीचा पडदा सारायची, तिरप्या उजेडात माणसाला बोलतं ठेवायची आणि तो ऐट विसरला की बटण दाबायची. मग पेन्सिल लावायची नाही. सी अमारच्या मते ही नसती थेरं होती.

शाळा तपासनीस बूजमआ आपल्या आईला, मबारकाला, घेऊन आला तेव्हा सी अमार दात काढायला गेला होता. झुलिखाने म्हातारीला खिडकीशी बसवून दोन फोटो काढले. निघताना बूजमआने बजावलं, की फोटो बैठकीत लावायचाय, हनुवटी साफ करा. झुलिखा सरळ नाही म्हणाली.

सी अमारच्या कानावर ते गेलंच. पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस, असं त्याने सुनावलं. गोंदणासकट एक जरी प्रत दुकानाबाहेर गेली तर सुट्टीनंतर, शनिवारपासून, यायचं नाही. मग एका निगेटिव्हवर त्याने स्वतःच पेन्सिल चालवली. घरात कमावणारी झुलिखा एकटी. तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. दुसऱ्या निगेटिव्हची प्रत तिने जशीच्या तशी काढून खणात ठेवली.

बुधवारी मायलेक फोटो न्यायला आले. मबारकाने प्रत हातात घेतली, अंगठा थुंकीने ओला केला आणि फोटोतली हनुवटी घासू लागली.

"ही पावडर निघत नाही."

"अम्मा, राहू दे ना. किती तरुण दिसतेस."

"तरुणपणीच गोंदलं होतं रे. पुढे अख्ख्या गावाला मीच गोंदलं. तुझ्या सासूलासुद्धा. ती रडली होती."

बूजमआ खाली बघू लागला. म्हातारीने टेबलावरची पेन्सिल उचलली. फोटोतल्या कोऱ्या हनुवटीवर मधे उभी रेघ, दोन्हीकडे फांद्या, खाली तीन ठिपके. आरसा नाही, काही नाही, आणि हात जराही हलला नाही.

"प्रत खराब झाली, लल्ला मबारका," सी अमार म्हणाला.

"खराब तू केली होतीस. मी दुरुस्त केली."

झुलिखाने खण उघडला. सी अमारने डोळे वटारले. तिने आपली प्रत शेजारी ठेवली. रेघेला रेघ, ठिपक्याला ठिपका जुळत होता.

"शनिवारी येऊ नकोस," तो हळूच म्हणाला.

"नाही येणार."

प्रत्येक फोटोमागे स्टुडिओचा शिक्का बसायचा. झुलिखाने शिक्क्याला हात लावला नाही. आपली प्रत उलटी करून तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि पेन्सिल सी अमारच्या डब्यात परत टाकली.

"दुकान नाही, दिवे नाहीत. कुठे काढणार तुझे फोटो?" त्याने टोमणा मारला.

"खिडकी घरोघरी असते, सी अमार."

मबारकाने ती प्रत शालीच्या आत, छातीशी धरली.

"गावच्या घरात माझ्या दोन खिडक्या आहेत," ती म्हणाली. "शनिवारी ये, पोरी. बहिणींना बोलावते. सगळ्यांच्या हनुवट्या मीच गोंदल्यात, त्यातली एकही बुजवायची नाही."

झुलिखाने कॅमेरा खांद्याला अडकवला आणि शनिवारच्या बसची वेळ विचारली.