डावीकडचे रकाने

त्याने गाळणकागदाची काळी चकती चिमट्याने उचलून काचेवर ठेवली, वर तेलाचा थेंब सोडला आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. रंगवलेल्या जिवाणूंचे निळे ठिपके उजळले. हे तलावाचं फेब्रुवारीतलं पाणी. डबीवरची तारीख बायकोच्या अक्षरातली होती.

सकाळी प्रयोगशाळेच्या मॅडम त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ताईंचे शेवटचे आठ महिने बसत नाहीत हो. तलाव तोच, आणि बॅक्टेरिया निम्मे? सगळे रजेवर गेले की काय?"

बोलून गेल्यावर त्यांनी हातातले कागद उगाच सारखे केले.

"एकदा मोजून बघा. नाहीच जुळले, तर तेवढे महिने वगळावे लागतील."

"बघतो," तो म्हणाला.

नोंदी बावीस वर्षांच्या होत्या. ती जाऊन तीन महिने झाले होते. आता तिच्या हातचं शेवटचं कामही जाणार होतं.

भिंगात दहा बाय दहा चौकटींची जाळी दिसे. प्रत्येक चौकटीतले जिवाणू मोजायचे आणि आकडा छापील तक्त्याच्या त्याच चौकटीत लिहायचा. मग मोजपट्टी कोरलेल्या भिंगातून त्यांची लांबी-रुंदी घ्यायची. चकतीवरची खुणेची एकच जागा दोघं आळीपाळीने मोजत; नोंदीत तिचा तक्ता राही, त्याचा पडताळ्यापुरता कागद टाकून देत. बेरजेत शंभराला दहापेक्षा जास्त फरक आला, तर दोघांनी पुन्हा मोजायचं असा नियम होता.

पूर्वी तिची बेरीज नेहमी थोडी जास्त यायची.

"अहो, तुम्हाला फ्रीजमध्ये नाकासमोरची बरणी दिसत नाही," ती म्हणायची, "बॅक्टेरिया काय दिसणार!"

गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच तिची बेरीज खाली आली. त्याला मजा वाटली होती. म्हातारी झालीस, म्हणून त्याने चिडवलं होतं. चष्मा बदलायला हवा, असं ती म्हणाली, आणि बदलू की पुढच्या महिन्यात, असं तो म्हणाला. पुन्हा मोजायला कोणीच बसलं नाही. त्याने तक्त्याखाली 'तपासले' लिहून सही केली. पुढच्या महिन्यातही केली.

आता त्याची बेरीज चारशे बारा आली. तिची होती दोनशे एक्क्याण्णव.

त्याने फायलीतून तिचा तक्ता काढला. इतकी वर्षं तो फक्त खालची बेरीज बघत आला होता. आज चौकटी बघितल्या. उजवीकडे चार, पाच, तीन, चार. डावीकडच्या तीन रकान्यांत शून्य, शून्य, एक, शून्य. पाणी गाळलं की जिवाणू चकतीवर सगळीकडे सारखे पसरतात. एक बाजू रिकामी राहूच शकत नाही.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूची गाठ दाखवली होती. अशा माणसाचं डावीकडे लक्षच जात नाही, आणि जात नाही हे त्याचं त्याला कळतही नाही, असं ते म्हणाले होते. बरेच महिने झाले असणार. घरात काही जाणवलं नाही का?

नाही, असं त्याने सांगितलं होतं.

त्याने आठही तक्ते टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकाखाली त्याची सही होती. तो चहा प्यायला. कप विसळून जागेवर ठेवला.

दुपारी मॅडम आल्या.

"जुळतंय काही?"

"उजवीकडचं जुळतंय. चौकटीला चौकट."

"म्हणजे?"

"डावीकडचं तिला दिसत नव्हतं. जेवढं दिसलं तेवढं तिने बरोबर मोजलंय. त्यावरून हिशेब लावता येईल. वगळू नका."

मॅडम वाकून तक्ते बघू लागल्या. पहिला बघितला, दुसरा बघितला. सह्यांवरून त्यांची नजर फिरली आणि त्या सरळ झाल्या.

"तुम्ही घरी जा आज. हे मी करते."

"नको. तपासायचं काम माझं होतं."

त्या आवाज न करता दार ओढून गेल्या.

त्याने लाकडी पट्टी घेतली. फेब्रुवारीच्या तक्त्यावर तिसऱ्या रकान्याशी उभी ठेवली आणि उजवीकडची बेरीज करायला घेतली. मार्चलाही पट्टी तिथेच बसली. एप्रिलला एक रकाना पुढे न्यावी लागली. जूनला आणखी एक. तो बेरजा लिहीत गेला. सप्टेंबरच्या तक्त्यावर पट्टीच्या उजवीकडे दोनच रकाने उरले होते. तेवढे त्याने सप्टेंबरची चकती लावून पुन्हा मोजले. तिचा एकही आकडा चुकलेला नव्हता.