आर्वीचे जावई माहजाँग खेळतात

माहजाँगला चार माणसं लागतात. रमीसारखेच संच लावायचे, फक्त पत्त्यांऐवजी सोंगट्या, आणि दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचलूनही डाव जिंकता येतो. ह्यांची नोकरी पुलगावला असताना शेजारच्या फौजी बाईंनी मला शिकवलं, मी ह्यांना शिकवलं. मनीषनगरला राहायला आल्यावर शेजारच्या भैरवी आणि सुशीलला शिकवलं. मग ते दोघं मुलीकडे पुण्याला गेले आणि आमचं टेबल मोडलं. पुण्याचं मला आधीपासूनच फारसं कौतुक नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या टेबलावर मी कधी नीट खेळलेच नाही. निवृत्तीनंतर हे हरले की जेवताना गप्प बसायचे. मला बोलणारा नवरा हवा होता, म्हणून ह्यांना लागणारी सोंगटी मीच टाकायला लागले. हे जिंकायचे, आणखी एक पोळी मागून घ्यायचे आणि मी कुठे चुकले ते मला समजावून सांगायचे. मी ऐकायची. पण मला फार चांगलं खेळता येतं. एकदा तरी मनापासून खेळावं असं वाटायचं आणि ह्यांचं मनही मोडवत नव्हतं.

मोबाइलवर नवे गट शोधले ते ह्यांनीच. विदर्भात कोण माहजाँग खेळत असणार, असं मी म्हणत होते, पण असे गट निघाले. आधी वर्ध्याला गेलो. सोंगट्या मांडायच्या आधीच यजमान मनोहररावांनी मला विचारलं, "वहिनी, माहेर कोन्तं जी तुमचं?"

"आर्वी."

"आर्वी? मंग तं हे आमचे जावई झाले."

आमच्याकडे गावचा जावई हा साऱ्या जिल्ह्याचा जावई असतो. त्याला आग्रह करकरून वाढतात आणि हरवत तर मुळीच नाहीत. मनोहररावांनी स्वतःची लागलेली जोडी मोडून ह्यांना हवी ती सोंगटी टाकली. त्यांच्या बायकोनेही तेच केलं. मग जेवायला गोळाभात आला. सगळे डाव हे जिंकले.

पुढे अमरावतीला गेलो. तिथे ज्यांच्या घरी खेळ होता त्या रुखमाबाईंची मावशी आर्वीची निघाली. मी एक डाव जिंकत आले होते, तर त्या हळूच मला म्हणाल्या, "जावईबापूले कोनी हरवते का वं?" परत येताना माझं डोकं फिरलं होतं. यापुढे माझ्या माहेराचं नाव काढायचं नाही, असं मी ह्यांना बजावलं. हे म्हणाले, "बरं."

तिसरा गट कामठीच्या छावणीतल्या बायकांचा. एक पंजाबची, एक केरळची. आर्वी कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि ह्यांना धुऊन काढलं.

शेवटी माझ्या हातात ह्यांना लागणारी सोंगटी आली. ह्यांचा चेहरा उतरला होता. आज घरी कसं जेवण होणार ते मला तिथेच दिसलं. तरी मी ती सोंगटी ठेवून घेतली आणि डाव जिंकले. पुढचाही जिंकले. "आप तो छुपी रुस्तम निकलीं," केरळची बाई म्हणाली. मला इतका आनंद झाला की ह्यांच्याकडे बघायचंच राहून गेलं.

गाडीत बसल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"राग आला का?" मी विचारलं.

"काहून येईन?"

"तुम्ही हरले म्हणून."

"घरीबी हरतच होतो ना वं मी. मले लागते तेच सोंगटी तू टाकून राहिली, हे मले दिसत नव्हतं का?"

"मंग बोलले काहून नाही?"

"मले वाटलं, मी जिंकलो का तुले बरं वाटते. म्हणून जिंकत गेलो." ह्यांनी पुढच्या ट्रकला हॉर्न दिला. "पन तुले खरंखुरं खेळताना पाहाचं होतं. गावोगाव गाडी मंग कायच्यासाठी नेऊन राहिलो होतो?"

म्हणजे मी मुद्दाम हरत होते आणि हे मुद्दाम जिंकत होते. मला रडू आलं, आणि इतकी वर्षं फुकट हरले म्हणून रागही आला. मी दोन्ही ह्यांना सांगून टाकलं.